शेहेचाळीसची जागा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की लक्ष्मणराव दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसत. फोनवर सदरा दिसत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला ड्यूटीवर बनियनमध्ये बसणं जमत नाही, आणि ड्यूटी म्हणाल तर आता आठवड्यातून एवढी एकच उरली होती. दहाच्या सुमाराला फोन वाजायचा. पलीकडे पुण्याहून किमया, त्यांची एकुलती एक मुलगी. ‘कसे आहात’ वगैरे काही नाही, तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बाबा, शेहेचाळीस मिळालं का?"

शेहेचाळीस म्हणजे एकोणीसशे शेहेचाळीस सालचा भोकाचा पैसा. इंग्रज जाता जाता जी नाणी काढून गेले, त्यातली ही तांब्याची चकती. मधोमध भोक एवढं मोठं, की नाणं कमी आणि भोकच जास्त. बाजारातून तो पैसा कधीच हद्दपार झाला होता; पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तो वेगळ्याच कामाला लागला होता. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून बाया तो काळ्या करगोट्यात ओवून पोराच्या कमरेला बांधत. लक्ष्मणराव सूर्यमाळच्या गाडीवर होते तेव्हा गाडीत चढणाऱ्या निम्म्या पोरांच्या कमरेकडे आधी पाहायचे आणि मग त्यांच्या आयांना तिकीट विचारायचे.

हा नाद लागला किमया नऊ वर्षांची असताना. ड्यूटी संपवून डेपोत पैसे भरताना पिशवीत एखादं वेगळं नाणं दिसलं, की लक्ष्मणराव पदरचं नाणं टाकून ते उचलून घरी आणत. किमया दारातच हात पुढे करून उभी असायची. मग बापलेक भिंगाखाली डोकी एकत्र करून कोणत्या सालचं, कोणत्या टाकसाळीचं, याचा खल करत बसायचे, आणि सुशीलाबाई आतून म्हणायच्या, "लोकांचे नवरे येताना भाजी आणतात. आमच्याकडे चिल्लर येते."

भोकाच्या पैशासाठी किमयाने वहीत एक वेगळं पान केलं. कंपासने पाच गोल काढले, खाली त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अशी सालं घातली. त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस एका कल्हईवाल्याने दिली. पंचेचाळीस दाभोशाच्या एका शेतकऱ्याच्या विळ्याच्या मुठीत वॉशर म्हणून बसवलेलं सापडलं. सत्तेचाळीस सूर्यमाळच्या नवशीच्या नातवाच्या कमरेला होतं, आणि ते मिळवताना लक्ष्मणरावांना नाकी नऊ आले. नवशी पैसे घेईना. पोराच्या अंगावरचं विकायचं नसतं, म्हणाली. काढायचं तर त्याच जागी दुसरं काही बांधावं लागतं, आणि तेही देणाऱ्याच्या अंगावरचं. लक्ष्मणरावांनी चालत्या गाडीत खाकी कोटाचं पितळी बटण तोडून दिलं आणि पुढचे सहा महिने कोटाला सेफ्टी पिन लावून फिरले. सुशीलाबाईंनी त्यावरून त्यांना किती सुनावलं याची गणती नाही. बटण गेलं कुठे हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सरकारी कोटाचं बटण तोडून पोराच्या कमरेला बांधलं, हे काय सांगायचं?

राहिलं शेहेचाळीस.

ते नसेलच, असं लक्ष्मणरावांच्या कधी स्वप्नातही आलं नाही. कंडक्टरचं डोकं ते. तिकिटांच्या गठ्ठ्यात पंचेचाळीसनंतर शेहेचाळीस येतं आणि मगच सत्तेचाळीस. मधला नंबर गळला तर कंडक्टर घरी बसतो. मागचं आहे, पुढचं आहे, म्हणजे मधलं असणारच, कुणाच्या तरी कमरेला असेल, इतकं साधं गणित. किमया त्यांचीच मुलगी, तिलाही ते पटलं. ती शिकायला पुण्याला गेली, नोकरीला लागली. पान तसंच राहिलं. सहा वर्षांपूर्वी सुशीलाबाई गेल्या. त्यानंतर रविवारचे फोन सुरू झाले आणि तो प्रश्नही.

तीन वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लक्ष्मणराव नाशिकला गेले होते. पट्टी सुटल्यावर, नव्या डोळ्याने पहिलं काय पाहावं, तर एक जुन्या नाण्यांचं दुकान. आत शिरून त्यांनी शेहेचाळीस मागितलं. दुकानदाराने जाडजूड पुस्तक काढून पान समोर धरलं. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस आणि त्याखाली थेट सत्तेचाळीस.

"शेहेचाळीसला हा पैसा पाडलाच नाही, काका," तो म्हणाला. "कुणी दिला तर घेऊ नका. खोटा असतो."

लक्ष्मणरावांनी परतीच्या दोन गाड्या सोडल्या. स्टँडच्या बाकावर बसून त्यांना आधी हसू आलं आणि मग धडकी भरली. रविवारी किमयाला सांगायचं, असं घोकत ते जव्हारला घरी आले. रविवारी फोन आला. "बाबा, शेहेचाळीस मिळालं का?"

"नाही अजून," ते म्हणाले. "बघतोय."

"कुठे कुठे बघितलंत?"

त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं. तेव्हापासून सांगायचं ते राहूनच गेलं.

पण लक्ष्मणरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. ‘दाभोशाला जाऊन आलो’ असं सांगायचं, तर दाभोशाला जायला नको? म्हणून ते दर आठवड्याला खरोखरच निघायचे. कधी एसटीने, कधी जीपमध्ये दाटीवाटीने बसून. नसलेलं नाणं चार घरी विचारायचं, चहा प्यायचा, परत यायचं. रविवारी सांगायचं, "दाभोशाला गेलो होतो. नाही मिळालं." लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

यंदाच्या एप्रिलात ते सूर्यमाळला गेले. नवशी टँकरच्या वाटेवर हंडा ठेवून सावलीत बसली होती. बऱ्याच वर्षांनी पाहूनही तिने ओळखलं.

"कंडक्टर, अजून तोच पैसा शोधतस का रं?"

"शोधतोय. नातू कुठे आहे तुझा, मंगळू?"

"ठाण्याला गेला. बिल्डिंगच्या कामाला." तिने लुगड्याच्या टोकाची गाठ सोडली. आत ते पितळी बटण होतं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. "जाताना सोडून गेला. तिकडं पोरं हसतात म्हनं. आता त्याच्या अंगावर नाय, तं माझ्यापाशी ठेवून काय करू? तुझा तू घे."

"फोन येतो का त्याचा?"

"माझ्यापाशी कुठला फोन?" नवशी म्हणाली आणि टँकरचा आवाज आला म्हणून उठली.

लक्ष्मणराव बटण मुठीत धरून जव्हारपर्यंत आले. रविवारी त्यांनी किमयाला एवढंच सांगितलं, "सूर्यमाळला गेलो होतो. नाही मिळालं."

"सूर्यमाळला? एवढ्या उन्हात?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही असे फिरता आणि मला इथे घोर लागतो."

त्यांना बरं वाटलं. कुणाला तरी आपला घोर लागलाय, हे ऐकायला कुणाला वाईट वाटतं?

दहा दिवसांनी किमयाचं कुरिअर आलं. पुठ्ठ्याच्या डबीत प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात भोकाचा पैसा, वर छापील चिठ्ठी: १९४६, अतिदुर्मीळ. लक्ष्मणरावांनी भिंग काढलं. भिंग न काढताही चाललं असतं. सहाचं पोट नंतर कोरलेलं होतं. तेवढ्या जागी तांबं खरवडून उजळलं होतं. मूळचं पंचेचाळीस असावं. कुणीतरी पाचाचा सहा करून त्यांच्या मुलीच्या गळ्यात बांधला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी, वार रविवार नसताना, फोन वाजला.

"मिळालं का?" किमया लहान मुलीसारखी हसत होती. "ऑनलाइन सापडलं. किंमत विचारू नका, मी सांगणार नाही. जागेवर बसवलंत?"

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं. खोटं आहे म्हणावं, तर तिचं हसणं जाग्यावर थांबेल. तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर ही फसली नसती, हेही सांगावं लागेल. आणि खरं आहे म्हणावं, तर पान भरलं. मग पुढच्या रविवारी ती काय विचारणार?

"बसवलं," ते म्हणाले. "अगदी बरोबर बसलं."

"झालं एकदाचं! आता उन्हातान्हात भटकणं बंद. सुटलात तुम्ही."

सुटले खरे. पुढच्या रविवारी सदरा घालून बसले. फोन आला, "जेवलात? गोळ्या घेतल्यात? बरं, ठेवते मग." घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी फोनऐवजी निरोप आला, की ऑफिसची सहल आहे. त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही आला नाही. लक्ष्मणराव दुपारी एकपर्यंत खुर्चीत बसून होते. आमटी निवून गेली. जायला कुठलं गाव उरलं नव्हतं, कारण कुठेही गेलं तरी सांगायचं कुणाला? मुलीचा राग येत नव्हता, हेच जास्त वाईट होतं. चांगल्या मनाने केलं होतं पोरीने.

त्यांनी वही काढली. पाच गोल, पाच पैसे. असं भरलेलं पान पाहण्यासाठी वीस वर्षं डोळे लावून बसले होते आणि आता त्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी नखाने चौथा पैसा उचकटून काढला, शेजारी ठेवला आणि फोन उचलला. स्वतःहून मुलीला फोन करायची त्यांची रीत नव्हती. ती कामात असेल, मध्येच कशाला त्रास द्या, असं म्हणत सहा वर्षं काढली होती.

"बाबा?" किमया घाबरलीच. "काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. ते नाणं खोटं आहे, किमया."

"काय?"

"शेहेचाळीसला तो पैसा पाडलाच नव्हता. नाशिकच्या दुकानदाराने पुस्तकात दाखवलं मला. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा."

पलीकडे ती मनात हिशोब करत असावी. "म्हणजे तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं. मी दर रविवारी विचारत होते आणि तुम्ही गावोगाव जात होतात. मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू विचारायची थांबली असतीस."

फोन कट झाला की काय, म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

"मी काय त्या नाण्यासाठी फोन करत होते का?" किमया चिडून म्हणाली. "आई होती तेव्हा तीच बोलायची. तुम्ही मागून फक्त विचारायचात, पैसे पाहिजेत का म्हणून. आई गेली आणि तुमच्याशी काय बोलायचं तेच मला कळेना. शेहेचाळीस होतं म्हणून फोन लावता तरी यायचा. ते मिळाल्यावर दोन रविवार मी फोन हातात घेऊन बसले, बाबा. काय विचारू तेच सुचेना."

जव्हारला लक्ष्मणराव सदरा घालून बसले होते आणि पुण्याला ती फोन हातात घेऊन बसली होती, हे त्यांच्या मनातून हलेना. टेबलावर वही उघडी होती, शेजारी खोटा पैसा होता आणि त्याच्या पलीकडे, सूर्यमाळहून आल्यापासून तिथेच पडलेलं, ते गुळगुळीत बटण होतं. त्यांनी ते उचलून मुठीत धरलं. ठेवते, असं किमया आता म्हणेल, या भीतीने त्यांनी घाईघाईने तोंड उघडलं.

"माझ्या खाकी कोटाला एक बटण नव्हतं, आठवतं तुला?"

"आठवतं ना." तिने नाक ओढलं. "सेफ्टी पिन लावायचात. आई किती बोलायची त्यावरून. कुठे हरवलं होतंत ते?"

"हरवलं नव्हतं," लक्ष्मणराव म्हणाले आणि खुर्चीत नीट सावरून बसले. "थांब, सगळं सांगतो. तुला वेळ आहे ना?"