खरवडलेलं नाव

"हे गाणं अख्ख्या बारांकियात फक्त आर्नुल्फोकडे!" रविवारी भरदुपारी आर्नुल्फो माईकवरून ओरडला आणि माझं टाळकंच सरकलं.

गाणं तिनोचं होतं. तिनोला पुरून चाळीस दिवसही झाले नव्हते.

तिनोची नि माझी ओळखच गाण्यानं झाली. मी फ्रिज दुरुस्त करणारा. खांद्यावर कॉम्प्रेसर घेऊन चाललो होतो, तेवढ्यात एका भिंतीमागून काँगोचं गिटार ऐकू आलं आणि मी उन्हातच थांबलो. शेजारी सायकल धरून एक हडकुळा माणूसही थांबलेला. गाणं संपेपर्यंत दोघंही तिथून हललो नाही. मग तो म्हणाला, "अरे बाबा, ते ओझं तरी खाली ठेव!" तीस वर्षं टिकली ती दोस्ती.

पुढे तिनोनं स्वतःचा पिको उभा केला. कपाटाएवढे रंगवलेले स्पीकर आणि भर रस्त्यात नाच. एका खलाशाकडून त्याला या गाण्याची तबकडी मिळाली. आमच्याकडची रीतच अशी की तबकडीवरचं नाव ब्लेडनं खरवडून टाकायचं, म्हणजे दुसऱ्या पिकोवाल्याला ती शोधता येत नाही. आम्ही दोघांनी मिळून खरवडलं. तिनोनं गाण्याला बायकोचं नाव दिलं, एमेरिता.

"खरं नाव तुझ्या-माझ्यात, लिबार्दो. मी मेलो तरी फोडायचं नाही."

मी आईची शपथ घेतली.

आणि हा आर्नुल्फो, हाही पिकोवालाच! तिनोच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आला, एमेरिताच्या गळ्यात पडून रडला आणि "आठवण म्हणून एखादी तबकडी नेतो" म्हणत नेमकी तीच उचलून घेऊन गेला. मेल्या माणसाच्या घरातून! परत मागायला गेलो तर दात काढून म्हणतो, "नाव आहे का तिच्यावर कुणाचं?"

नाव पाहिजे काय तुला? थांब, देतो.

त्या रविवारी टेबलं ढकलत मी पुढे गेलो आणि त्याच्या हातातला माईक हिसकावला. गाण्याचं नाव, गवयाचं नाव, सालसुद्धा दोनदा सांगितलं. "शोधा रे आपापल्या फोनवर!"

त्याची तबकडी फिरतेय तोवर वीस फोनांतून तेच गाणं सुरू झालं. लोक आर्नुल्फोच्या तोंडासमोर फोन नाचवू लागले. "काका, आमच्याकडेपण आहे की!" सगळा रस्ता खो खो हसत सुटला. पिकोवाल्याची याहून मोठी बेअब्रू नाही. त्याचं पडलेलं तोंड पाहून माझ्या जिवाला काय गारवा मिळाला म्हणून सांगू! शपथ मोडली, तर मोडली. तिनोनं वरून शिव्या घातल्या असतील. घालू दे.

तडक एमेरिताला सांगायला गेलो. ती दारातच उभी होती. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी तेच गाणं लावलं होतं, त्याचं खरं नाव सगळ्यांना सांगत होतं.

"गाण्याचं नाव एमेरिता नव्हतंच?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

"तो म्हणायचा, खलाशानं तिकडच्या गवयाकडून खास माझ्यासाठी गाऊन घेतलंय. मला कुठली ती भाषा कळायला? दर वेळी वाटायचं, आता माझं नाव येईल."

हे तिनोनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी घाईघाईनं आर्नुल्फोची फजिती सांगून टाकली.

"आर्नुल्फोची जिरली ना पण?"

"जिरली."

"मग झालं तर," ती म्हणाली. आत जाऊन तिनं रेडिओवर बातम्या लावल्या, आवाज पुरता वाढवला आणि तांदूळ निवडायला बसली.