रंगवलेला गंज

घाबरू नका. मी वाघीण बोलतेय खरी, पण चार चाकांची. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे हल्ली किती जणांना माहीत असतं कोण जाणे. त्यातही मी घरातल्या छोट्या गाडीची, ओंजळीत मावेन एवढी. डरकाळी सोडाच, माझ्या चाकांचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही.

मी बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यातून जन्मले. त्या डब्यावर बिस्कीट खाणाऱ्या मुलीचं चित्र होतं. पत्रा कापताना तिचा चेहरा मधोमध कापला गेला आणि अर्धा माझ्या वाट्याला आला. बाहेरून मला रंग लागला, आतून लावायचा राहिला. त्यामुळे माझं सरकतं दार उघडलंत तर आत एक डोळा, अर्धी जिवणी आणि अर्धं बिस्कीट दिसेल. उरलेली अर्धी मुलगी कुठे गेली, मला ठाऊक नाही.

मला घडवलं बाबांनी. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे, काड्या सरळ करायच्या, आणि संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन मागच्या खोलीत शिरायचे. त्या खोलीत तिन्ही भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीच्या फळ्या होत्या. फळ्यांवर रूळ, एक बोगदा, एक स्टेशन. आत जायचं तर दाराजवळच्या फळीखालून वाकून जावं लागे. आई म्हणायच्या, "तुमच्या खोलीला नमस्कार केल्याशिवाय माणूस आत येऊच शकत नाही."

बाबांनी माझा पत्रा घासला, दुमडला, कथलाचा डाख देऊन जोडला. बोथट सुईने आतून टोचून टोचून माझ्या अंगावर रिव्हेटचे ठिपके उठवले. जोडायचा आकडा केला तो चष्म्याच्या मोडक्या काडीचा. मग लालसर तपकिरी रंगाचे हात दिले, एक वाळला की दुसरा. मी तयार झाले तेव्हा अशी चकाकत होते की मलाच माझी दृष्ट लागावी.

आई चहा घेऊन वाकून आत आल्या. मला बघितलं आणि नाक मुरडलं.

"काय हो ही? शोकेसमधून आत्ता उतरल्यासारखी! हिनं कधी माल वाहिलाय, असं वाटतं का?"

"नाही वाटत," बाबा म्हणाले.

"द्या इकडे. तुम्ही बांधा, मी बिघडवते."

ही त्या घरातली कामाची वाटणी होती. बाबांना चमकतं ते आवडे आणि आईंना खरं. दोघं पूर्वी मालधक्क्यालगतच्या पुलावर जाऊन उभे राहत. बाबा चाकं बघत, आई गंज बघत. कुठे धरलाय, कुठे ओघळलाय, कुठल्या कोपऱ्यात नुसताच खवले होऊन बसलाय. घरी येऊन त्या विटेची पूड, पातळ रंग आणि चहाचं पाणी कालवायच्या आणि आंघोळीच्या जुन्या स्पंजचा तुकडा घेऊन गाडीच्या एकेका डब्याला म्हातारा करायच्या. तेवढा वेळ बाबा खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे. त्यांना बघवायचं नाही.

"झालं का वाटोळं?" बाहेरून विचारायचे.

"झालं. या."

मग बाबा भिंग घेऊन यायचे, बराच वेळ बघायचे, आणि म्हणायचे, "सुरेख."

माझी पाळी येईपर्यंत मात्र आई आजारी पडून अंथरुणाला लागल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात मी, आणि या वेळी बाबा बाहेर न जाता शेजारीच. दम लागायचा, थांबायच्या, पुन्हा स्पंज टेकवायच्या. दाराच्या कडीखाली ओघळ काढताना त्यांचा हात घसरला आणि तो ओघळ जरा जास्तच खाली आला, चाकापर्यंत. त्या पुसायला गेल्या, तर बाबांनी हात धरला. "राहू दे. भर पावसात असाच येतो."

आईंनी म्हातारी केलेली मी शेवटची. माझ्यानंतर तो स्पंज कुणी ओला केला नाही.

त्या गेल्यावर बाबा रोज संध्याकाळी गाडी सोडायचे. मी सगळ्यांत मागे. बोगद्यातून बाहेर पडून मी स्टेशनाशी आले की ते बटण बंद करायचे. माझी ओघळाची बाजू बरोबर त्यांच्या समोर येई. ते त्या ओघळाकडे बघत राहायचे. नुसते उभे. लोकांचे नंबर काढता काढता त्यांचे स्वतःचे डोळे मात्र आतून विझत चालले होते. पडद्याचा आजार, चष्म्याने न सुटणारा. पहिल्यांदा भिंगातून बघायचे, मग मला उचलून डोळ्याजवळ धरायला लागले. पुढे पुढे तर ते मला बघत होते की आठवत होते, कुणास ठाऊक.

आणि मग मुलाचं लग्न झालं, घरात सूनबाई आली.

ती फार बोलायची नाही. म्हणजे माणसांशी. भांड्यांशी, खिडकीच्या कडीशी, न उघडणाऱ्या बरणीशी मात्र तिचं सारखं काहीतरी चालू असे. "ये ना गं बाई, किती भाव खाशील," असं ती बरणीला म्हणाली तेव्हा मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. नव्या घरात कुठला कप कुणाचा, कुणाला पंखा हवा आणि कुणाला नको, हे ती मुकाट्याने टिपून घेत होती. मागच्या खोलीबद्दल तिला नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "ती बाबांची खोली. त्यांचा खेळ आहे तिथे." पुढचं कुणी सांगितलं नाही. घरातली माणसं अशीच असतात. स्वतःला जे रोज माहीत असतं, ते नव्या माणसाला जन्मतःच माहीत असेल असं धरून चालतात.

एके दिवशी बाबा डोळे दाखवायला लेकीच्या गावी गेले. सूनबाईला वाटलं, त्यांनी परत यावं आणि खोली बघून खूश व्हावं. लग्न होऊन आल्यापासून ते तिच्याशी "हो", "नको", "ठेव तिथे" याच्या पलीकडे बोलले नव्हते. ती बादली घेऊन फळीखालून वाकून आत आली. जळमटं काढली, फळ्या पुसल्या. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"अगं बाई! काय ही दशा? कुणी वालीच नाही का गं तुला?"

मी ओरडले असते. पण आम्हाला तोंड दिलेलं नसतं.

मोरीत नेऊन तिने मला साबण लावला. साबणाने निघेना, तेव्हा तारेची घासणी घेतली. कडीखाली तर तिने जास्तच जोर लावला, कारण तिथला डाग हट्टी होता. हट्टी असणारच. बाबांनी त्यावर आपल्या हाताने वॉर्निशचं बोट फिरवलं होतं. पण तारेपुढे त्याचं काय चालणार? विटेची पूड, चहाचं पाणी, आईंचा घसरलेला हात, सगळं फेसातून मोरीच्या जाळीत गेलं. रिव्हेटच्या डोक्यांवरून रंग उडून खालचा पत्रा दिसू लागला. सूनबाईने मला कोरड्या फडक्याने टिपलं, उन्हात धरलं आणि स्वतःशीच हसली. बाकीच्यांना ती दुसऱ्या दिवशी धुणार होती.

दुसऱ्या दिवशी बाबा परत आले. सोबत लेकही होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कुणी काढलं नाही, म्हणजे काय सांगितलं असेल ते कळलंच. चहा झाला. बाबा मागच्या खोलीत गेले, मागोमाग सगळे. सूनबाई दारात, पदराशी चाळा करत. शाबासकीची वाट बघणारं माणूस लपत नाही.

गाडी बोगद्यातून बाहेर आली. मी स्टेशनाशी थांबले. बाबा वाकले, मला उचललं, डोळ्याजवळ नेलं. मग दुसरी बाजू फिरवली. पुन्हा पहिली.

"ही कुणी धुतली?"

"मी, बाबा. फारच मळली होती."

"वहिनी!" लेक किंचाळलीच. "अगं, तो मळ होता का? आईने रंगवलं होतं ते! आईचं शेवटचं..."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "तिला काय माहीत? कुणी सांगितलं होतं तिला?" मग माझ्या अंगावरून त्यांनी अंगठा फिरवला. "छान निघाली आहे हो. अगदी नव्यासारखी."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्यासारखाच उतरला होता. बाबांनी बटण बंद केलं. त्यानंतर त्यांनी गाडी सोडली नाही.

सूनबाईने रंग आणले. तपकिरी, काळा, नारिंगी. दुपारी घर रिकामं असताना तिने मला गंज लावायचा प्रयत्न केला. दिसायला मी कशी दिसत होते सांगू? चॉकलेट खाऊन तोंड न पुसलेल्या पोरासारखी. तरी धीर करून तिने मला बाबांच्या हातात दिलं. त्यांनी डोळ्यांपेक्षा बोटांनीच पाहिलं.

"सगळीकडे सारखा लावलास."

"हो."

"गंज असा सारखा येत नाही, बाळ. पाणी थांबतं तिथे येतो. तिला माहीत असायचं पाणी कुठे थांबतं." मला परत देत ते म्हणाले, "पुसून टाक. डाग दिसतोय नुसता."

तिने पुसलं. स्पिरिटने, पुन्हा पत्र्यापर्यंत. पण त्या दिवसापासून ती बाजारातून येताना मालधक्क्याच्या पुलावरून येऊ लागली. सुटीच्या दिवशी नवऱ्यालाही ओढून न्यायची. तो कठड्याला टेकून म्हणायचा, "लोक बायकोला सिनेमाला नेतात. मी मालधक्क्यावर आणतो. सांगितलं तर कुणाला खरं वाटेल?"

"हळू बोल. मला बघू दे."

"काय बघतेस पण?"

"पाणी कुठे थांबतं ते."

संध्याकाळी ती बाबांना सांगायची. पहिल्यांदा चाचरत, मग न विचारता. "बाबा, कडीखालचा ओघळ सरळ नसतो. मागच्या बाजूला कलतो."

"का?"

"गाडी धावत असते ना. वारा लागतो."

बाबा कपातला चहा तसाच धरून बसायचे. "आणि छपराच्या कडेला?"

"तिथे ठिपके. ओघळ नाही."

"हं. ती पण हेच म्हणायची."

एकदा तिने विचारलं, "बाबा, आता पुन्हा रंगवून बघू?"

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मग ते उठले, भिंतीला हात लावत मागच्या खोलीत गेले, फळीखालून वाकताना डोकं आपटलं, आणि रुळांवरून चाचपत चाचपत मला शोधून बाहेर आले.

"रंगवलीस तरी मला आता कुठे दिसणार?" म्हणाले. "ही तुझ्याकडेच ठेव."

ते क्षमा करणं होतं की हात झटकणं, हे सूनबाईला तेव्हाही कळलं नाही, आणि पुढे विचारायला बाबा राहिले नाहीत. त्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण. मला त्यातलं काही समजत नाही. मी पत्र्याची.

मागची खोली रिकामी झाली. फळ्या सुताराने नेल्या. इंजिन लेकीच्या मुलांकडे गेलं, आईंनी म्हातारे केलेले बाकीचे डबे खोक्यात बांधून माळ्यावर चढले. मी राहिले स्वयंपाकघराच्या खिडकीत, भांडी घासायच्या जागेच्या वर. इथे वाफ येते, तळणीचा धूर येतो, नळाचे शिंतोडे उडतात. रूळ नाहीत. चाकांखाली फरशी, पुढे हळदीची बरणी, मागे काड्यापेटी. एवढाच माझा प्रवास.

पावसाळा सरता सरता कडीखाली एक ठिपका आला. रंगाचा नव्हे. घासणीने पत्र्यावरची कल्हई खरवडली होती ना, तिथूनच. सूनबाईला तो दिसला तेव्हा तिच्या हातातली बशी तशीच राहिली, नळ वाहत राहिला. ठिपक्याचा ओघळ झाला. हळूहळू तो चाकाच्या दिशेने निघाला.

परवा तिच्या नवऱ्याने मला उचललं. "अगं, ही गंजायला लागली! थोडं तेल लावून पुसून ठेवू का?"

"हात लावू नकोस तिला!"

एवढ्या मोठ्याने ती या घरात कधी बोलली नव्हती. तो बिचारा मला बरणीमागे ठेवून निघून गेला.

हा ओघळ आईंच्या ओघळासारखा आहे का? सांगता येत नाही. ज्यांना सांगता आलं असतं, ते दोघंही नाहीत. शिवाय आईंचा गंज मला खात नव्हता. हा खातोय. एक दिवस कडीखाली भोक पडेल, आणि त्यातून त्या अर्ध्या मुलीचा डोळा बाहेर बघू लागेल. मग मी कुठल्याच गाडीला जोडण्यासारखी राहणार नाही.

सूनबाईला हे कळतं. तरी रोज भांडी झाली की ती हात पुसण्याआधी माझ्याकडे वळते. बरणीशी बोलणारी ती, माझ्याशी मात्र काही बोलत नाही. ओलं बोट माझ्या कडीवर धरते आणि एक थेंब सोडते. तो तिथे थांबतो का, ते बघत उभी राहते.

कधी त्या घरी गेलात आणि खिडकीत मी दिसले, तर कीव करून फडकं घेऊ नका. तेवढी कृपा करा. मला एकदा स्वच्छ करून झालेलं आहे.