चाळीस मिनिटांचा फोटो

"बॅटरीचा उजेड खाली करा आधी!" सुनीती ओरडली. ओरडल्यावर तिला दिसलं की समोर तीन माणसं आहेत आणि एकाच्या हातात कोयता आहे.

लोणी काळभोरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात ती एकटी उभी होती. तिपाईवरच्या कॅमेऱ्याचं शटर बावीस मिनिटांपासून उघडं होतं. आणखी अठरा मिनिटं मिळाली असती, तर ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा एका फोटोत आल्या असत्या. त्यासाठी चंद्र नसलेली रात्र लागते. रान तिच्या दवाखान्यातल्या संपतचं. त्याने होकार दिला होता. वस्तीवर सांगायला मात्र विसरला होता.

एकतीस वर्षं तिने एक्स-रे काढले होते. दुसऱ्यांचे फोटो, तेही आतले. हा कॅमेरा घेतला तेव्हा तिचा नवरा श्यामसुंदर म्हणाला होता, "तारे कर्वेनगरच्या गच्चीवरूनही दिसतात. तीनच दिसतात, पण दिसतात."

"बाई, आवसंच्या रातीला हे काय मांडलंय?" तिघांतल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"फोटो काढतेय. ताऱ्यांचा."

"अंधारात कुठं फोटू निघतोय व्हय?" कोयतेवाला पुढे सरकला. "तीन दिस झालं, माझी पोर तापानं फणफणतीया. आन् ही बया हितं तीन पायांचं काळं काय तरी मांडून एकलीच हुबी! कुनावर काय करतीयास, सांग की!" त्याने तिपाईचा पाय धरला.

"उत्तरेश्वर, हात लावू नगंस," म्हातारा म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

फोनला रेंज नव्हती. गाडी बांधापलीकडे होती. तिसरा माणूस येऊन तिच्या मागे उभा राहिला. सुनीतीच्या तोंडातून आला तो रोजच्या कामातला प्रश्न.

"पोर केवढी आहे?"

"दीड वर्साची. तुला काय करायचंय?"

"श्वास घाईघाईने घेते? बरगड्यांखाली खळगा पडतो का?"

उत्तरेश्वरने तिपाई सोडली नाही.

"पडतोय," तो म्हणाला. "सांजपासनं."

"दूध पिते?"

"न्हाई."

"अहो, मग माझ्याशी भांडत काय उभे आहात? अशी पोरं रोज येतात माझ्या टेबलावर. छाती भरलीय तिची. उचला तिला, गाडी आहे माझी."

"आन् हिनंच करणी केली आसंल तर?" मागचा माणूस म्हणाला.

"मग तिथेच द्या मला पोलिसांत. दवाखान्यात चौकी असते."

म्हाताऱ्याने उत्तरेश्वरच्या, आपल्या मुलाच्या, हातातला कोयता काढून घेतला. "जा. हिराला उठीव," तो म्हणाला. "म्या थांबतो हितं, यांच्या मशीनपाशी."

शटर तसंच उघडं राहिलं.

गाडीत पोरीची आई हिरा तिला मांडीवर घेऊन मागे बसली, उत्तरेश्वर पुढे. पोरीच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मांजरी गावापाशी ती शिट्टी थांबली. "अगं... अगं..." हिरा म्हणाली, आणि शिट्टी परत सुरू झाली. पुढचा लाल सिग्नल सुनीतीने तोडला. पुण्यात राहूनही, आयुष्यात पहिल्यांदा.

दवाखान्यात पोचताच पोरीला ऑक्सिजन लावला. पहाटे डॉक्टर म्हणाले, "सकाळची वाट बघितली असती तर अवघड होतं." उत्तरेश्वर भिंतीला टेकून खाली बसला होता. "ताई," तो म्हणाला. आणि त्याने हात जोडले.

उजाडताना ती रानात परतली. म्हातारा, गेनबा, तिपाईशेजारी उकिडवा बसला होता. डोकं उघडं, विरळ पांढऱ्या केसांवर दवाचे थेंब. त्याचा पटका कॅमेऱ्याभोवती गुंडाळलेला होता.

"पोर?"

"झोपलीय. ताप उतरतोय."

त्याने मान हलवली.

"दव लई पडलं. म्हनलं, वस्तू भिजंल. आत कुठं हात न्हाई लावला, नुसतं झाकलं. फोटू निघाला का?"

सुनीतीने पटका सोडला. कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच संपली होती, फोटो साठवला जाण्याआधीच. आत काहीच उरलं नव्हतं.

"नाही निघाला, बाबा."

"माझ्यामुळं?"

"नाही हो. वेळ जास्त झाला."

त्याने तिच्या हातातून ओला पटका घेतला, पिळला, झटकला, आणि सावकाश, एकेक वेढा नीट बसवत डोक्याला बांधू लागला. त्याचं बांधून होईपर्यंत ती तिपाईला हात न लावता उभी राहिली.