एकावन्नावं पान

जरा जवळ बसा, मित्रांनो. शिवण सैल झाल्यापासून माझा आवाज बारीक येतो. मी या वाचनालयातली एक जुनी कादंबरी. कुणी हात लावला की पोटातली दोन-चार पानं घसरतात, म्हणून श्वाससुद्धा बेतानेच घेते.

माझ्यात एका धोबिणीची गोष्ट आहे. मालकिणीची चांदीची गुंडी हरवते, आळ धोबिणीवर येतो. एकावन्नाव्या पानावर ती न्यायाधीशाला म्हणते, “तुमचे डाग मी याच हातांनी काढले. आता हेच हात चोराचे?” तिथं भलेभले हुंदके देत. छापखान्यातून आले तेव्हा माझ्यासाठी महिना महिना आधी नंबर लावावा लागायचा. लोक मला उशाशी घेऊन रडले. मला वाटायचं, देवाने जन्माचं सार्थक केलं.

वाचनालयात झाडलोट करणारी एक मावशी होती. तिने पुस्तकं पुसायची, उघडायची नाहीत, असा नियम. ती मात्र फडकं खांद्यावर टाकून मला उघडायची आणि अक्षराखाली बोट ठेवून पुटपुटायची.

ग्रंथपालांनी एकदा पाहिलं. “मावशी, पुस्तक पुसायचं असतं, चाळायचं नसतं.”

“मग आतली धूळ कोण पुसणार, साहेब?”

ते हसले. तेव्हा हसले.

पुढे वाचनालयाच्या वर्धापनदिनाला इथले नेहमीचे वाचक, वकीलसाहेब, यांचं भाषण ठरलं, विषय ‘गरिबांवरचा अन्याय’. एका दुपारी ते मला घेऊन कोपऱ्यात बसले. उतारा वहीत लिहून घ्यायचा कंटाळा आला असावा. खिशातून ब्लेड काढलं आणि एकावन्नावं पान अलगद कापून फायलीत ठेवलं. दुखलं फार नाही, पण मी चरकले.

त्याच आठवड्यात पुस्तकांची तपासणी झाली. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या एकावन्नाव्या पानावर गुपचूप शिक्का मारतात, चोरीला गेलं तर ओळखू यावं म्हणून. ग्रंथपाल आधी तेच पान उघडतात. ते नव्हतं.

“मावशी,” भरल्या खोलीत ते म्हणाले, “एकावन्नावं पान कुठंय? तुम्हीच चाळत असता हे पुस्तक.”

“मी कशाला फाडू, साहेब? मी अजून विसाव्यावरच अडखळतेय.”

“चूल पेटवायला नेलं असेल,” वर्तमानपत्रामागून कुणीतरी म्हणालं. खोलीभर हशा पिकला. मावशीने झाडू भिंतीला टेकवला. त्याच दिवशी तिचं काम सुटलं. देवा, शब्द दिलेस हजारो, पण वाचा दिली नाहीस. त्या दिवशी ती फार हवी होती रे.

चौथ्या दिवशी भाषण झालं. वकीलसाहेबांनी ते पान उंच धरून गहिवरल्या गळ्याने वाचलं. बायाबापड्यांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत ग्रंथपाल होते. दिव्याच्या उजेडात पानावरचा गोल जांभळा शिक्का त्यांना आरपार दिसला. त्यांचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले, आणि मग सगळ्यांबरोबर पुन्हा वाजू लागले.

“नजरचुकीने आलं हो माझ्याबरोबर,” वकीलसाहेबांनी पान परत करताना म्हटलं. ग्रंथपालांनी ते खळ लावून चिकटवलं आणि मावशीला निरोप धाडला.

ती आली. ग्रंथपाल तिला कपाटांमागे घेऊन गेले. “पान सापडलं, मावशी. उद्यापासून या.”

“कुठं सापडलं?”

“सापडलं कुठंतरी. झालं गेलं सोडा आता.”

“हाकललंत ते चारचौघांत, साहेब, आणि बोलावताय कपाटाआड. तेवढं चारचौघांत सांगा, मी आत्ता झाडायला घेते.”

ग्रंथपालांनी शाईच्या डबीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बाहेर वकीलसाहेब मासिक चाळत बसले होते. मावशीने थोडी वाट पाहिली. मग पदर खोचून ती निघून गेली. घरी कोण तिच्या कमाईवर होतं, मला ठाऊक नाही. ते कुठल्याच पुस्तकात नाही.

थकले आता, मित्रांनो. पानं दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका, हे मी सांगायचं असतं, म्हणून सांगते. पण नुसतं रडवून मी कुणाचं काय भलं केलं, हा विचार सुटत नाही. माझ्या गोष्टीवर डोळे भरून आले, तर ते पुसून एकदा खोलीत बघा. झाडायला आता नवी बाई येते. मान खाली घालून फडकं फिरवते, मला उघडत नाही. तिला वाचावंसं वाटतं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचाराल?