काँक्रीटातलं पान

कैलास फरशीवाला सिमेंटचा माल कालवत होता, तरी विठाबाई सोसायटीच्या वाटेवर मांडी ठोकून बसल्या होत्या.

"आजी, सरका ना. दुपारपर्यंत गेटला भिडायचंय मला."

"तू तिकडून चालू कर, बाला. इथवर येशील तवर आमचं आटपतंय."

त्यांच्यापुढं, काँक्रीटमध्ये, सागाचं एक पान उमटलेलं होतं. खरवईतली ही इमारत उठली ती विठाबाईंच्याच परसात. वाट ओतली तेव्हा तिथला साग अजून उभा होता. त्याचं पान ओल्या काँक्रीटवर पडलं आणि कुणा गवंड्यानं थापी फिरवताना ते तसंच राहू दिलं. पुढं साग गेला, पान झडलं; शिरांसकट खळगा तेवढा राहिला. जाता-येता विठाबाई त्या न पाहिलेल्या गवंड्याचं भलं चिंतायच्या.

आता वाट जागोजागी उखडली होती. म्हातारी माणसं अडखळतात म्हणून फरशी बसायची होती, आणि अडखळणाऱ्यांत विठाबाईच पहिल्या. फरशीला त्यांची ना नव्हती. त्याआधी पानाचा ठसा मिळाला की झालं.

अंगणवाडीत त्यांनी जन्मभर पोरांकडून भेंडीचे ठसे करून घेतले होते. आता सोसायटीतली पोरं दर रविवारी पार्किंगमध्ये त्यांच्याभोवती जमत. आज ऋतिका आणि जितेश काळा पोस्टर रंग घेऊन आले होते.

जितेशनं स्पंजनं रंग थोपटला. तो खळग्यातही उतरला आणि कागदावर नुसता काळा डाग आला. उचलताना कागदही फाटला. ऋतिका म्हणाली, पान कसलं, पापड जळलाय. जितेशचं तोंड उतरलं. विठाबाईंनी त्याला फडकं दिलं आणि रंग पुसायला लावलं. पहिली पोळी कुणाची गोल होते, असं विचारून त्या घरात गेल्या. येताना लाटणं, पायमोजा, ताट आणि आपलं जुनं, विटून पांढरं पडलेलं मऊ लुगडं घेऊन आल्या.

लाटण्याला मोजा चढवला. ताटात रंग पसरून त्यात ते फिरवलं आणि जितेशच्या हातात दिलं.

"दाबू नको. वरच्यावर जाऊ दे."

पलीकडून फरशा ठोकल्याचा आवाज जवळ येत होता. लुगड्याचा तुकडा ओला करून, पिळून त्यांनी वाटेवर पसरला. तिघांनी तळव्यांनी तो हलकेच चेपला. विठाबाईंनी एक कोपरा धरून कापड सोलल्यासारखं उचललं.

कापडावर काँक्रीटच्या काळ्या खरखरीत ठशाच्या मधोमध पांढरं पान होतं. देठ, शिरा, किड्यानं खाल्लेली कडसुद्धा.

ऋतिकानं कापडाजवळ तोंड नेलं. "आजी, पण पानाला तर कलर लागलाच नाही."

"नाय ना लागला. म्हणून तर दिसतंय."

कैलास थापी हातात धरूनच बघायला आला. गावाला आपल्या दारातही सागच आहे, असं म्हणाला. मग माल सुकतोय, हेही म्हणाला.

विठाबाईंनी पोरांना कापड दोरीवर टाकायला पाठवलं. स्वतः बादली आणली आणि पानाभोवतीचा आणि शिरांत राहिलेला रंग हातानं चोळून धुतला. फरशीखाली काळं पान कशाला जायचं? वरून त्यांनी एक तांब्या सावकाश ओतला, झाडाच्या बुंध्याशी ओततात तसा. पाणी शिरांमधून पसरलं आणि पानाच्या आकारात थांबलं.

"घाल आता," त्या म्हणाल्या.

कैलास पाणी जिरेपर्यंत थांबला.