राहीचे सात सेकंद

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझा पट्टा कधीच तुटला, आता सुतळी बांधली आहे. डोळखांबच्या एका शाळेत मी मुलींच्या कबड्डी संघाचे काम करत असे.

रंजनामॅडम संघाला शिकवत. दर वर्षी सामने सुरू होण्याआधी त्या प्रत्येक मुलीला डोळे मिटायला सांगून एका पायावर उभे करत आणि माझे बटण दाबत. किती सेकंद तोल राहिला, ते वहीत लिहीत. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला, तर पुन्हा तसेच उभे करायचे. वेळ वहीतल्या आकड्याहून फार कमी भरली, तर मुलीला खेळू द्यायचे नाही, डॉक्टरांकडे न्यायचे. मॅडम हे एका शिबिरात शिकून आल्या होत्या. मुलींना मात्र हसू येई.

राहीची वेळ तीस सेकंद होती. तिच्यासारखी चढाई कोणी करत नसे.

मुरबाडच्या सामन्यात तिचे डोके समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आदळले. मॅडमनी तिला बाजूला घेऊन उभे केले. सात सेकंदांतच राहीचा पाय टेकला.

"बस तू आता."

"नाय मॅडम, मी बरी हाय. आज निवडीवाले आलेत. त्यांनी खेळाच्या वसतिगृहात नाय घेतलं तं मला आईसंगं वीटभट्टीवर जायला लागंल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मग वहीत अठ्ठावीस लिहिले आणि राहीला पुन्हा मैदानात पाठवले. त्यांना राहीचे भलेच करायचे होते.

पुढच्याच चढाईत तिघींनी तिला पकडले. राही पडली ती उठली नाही.

कल्याणला तिच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली. राही वाचली, पण तिचा उजवा हात हलत नाही. आईला हाक मारायलाही तिला शब्द शोधावा लागतो. तिची आई गिरजा त्या वर्षी भट्टीवर गेली नाही, लेकीला घास भरवत पाड्यावरच राहिली. मॅडम भेटायला गेल्या, तेव्हा तिने एवढेच विचारले, "बाई, तुमाला कळलं व्हतं का?"

मॅडम "हो" म्हणाल्या.

यंदा पहिल्या सरावाला मॅडमनी ही हकिकत मुलींना स्वतः सांगितली. मग मागून भूमिका नावाची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, काल पडले तवापासून माझं डोकं दुखतंय. संघातून काढाल म्हणून बोलले नाय."

मॅडमनी सराव थांबवला आणि तिला घेऊन दवाखान्याची वाट धरली.

मित्रांनो, डोक्याचा मार लपवू नका. आणि तुमच्या भल्यासाठी कोणी खोटा आकडा लिहू लागले, तर त्यांचा हात धरा.