आनंदरावांच्या नावावरचे दोन हजार

आनंदराव मेश्रामांनी पासबुक टेबलावर परत सरकवलं. कर्जाचे दोन हजार त्यांच्या नावावर जमा झाले होते.

"साहेब, हे पैसे कोणाचे हायेत?"

मॅनेजर श्रीधर साठे यांना प्रश्न कळेना. मग आनंदरावांनी सांगितलं, की आई बायजाबाईने बिड्या वळून जमवलेले चारशे रुपये याच बँकेत आहेत. तिच्यासारख्या कुणाच्या ताटातलं काढून आपल्याला वाढलं असेल, तर हे कर्ज नको. सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी अकरा वर्षं दुसऱ्याचा कॅमेरा पुसला होता. आणखी पुसला असता.

साठे हसले नाहीत.

"आईचे चारशे जागच्या जागी आहेत. हे कोणाच्या खात्यातून काढलेले नाहीत. मी तुमच्या नावावर लिहिले, तेव्हाच ते तयार झाले. तुम्ही फेडाल तसे पुसले जातील. मात्र वाटेल तेवढे लिहिता येत नाहीत. फेडणारा माणूस पाहून लिहावं लागतं."

ही १९७३ सालची गोष्ट. त्या पैशांतून जुना जर्मन कॅमेरा आला, फोटो मोठा करून छापणारा एनलार्जर आला. आनंदराव सायकलवरून वस्त्या हिंडू लागले. तिथे माणूस गेल्यावरच फोटोवाल्याला बोलावणं जायचं. आनंदराव जित्या माणसांना बसवत. रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे घाई नसे. म्हाताऱ्या आधी लाजत, पदर सारखा करत, मग हळूहळू अवघडलेपण उतरे. तेव्हा ते बटण दाबत.

बायजाबाईने आपला फोटो हातात घेतला आणि दारातल्या उजेडाकडे धरला.

"हे मीच होय काय गा?"

पुढल्या वर्षी ती गेली.

शेवटचा हप्ता भरला, त्याच आठवड्यात साठ्यांची बदली निघाली. आनंदराव कॅमेरा घेऊन बँकेत गेले, बसा म्हणाले. साठे संकोचले. आपण असं काय केलं, नुसतं लिहिलंच तर होतं.

"आमच्या नावावर कोणीच लिहून नव्हतं राहिलं, साहेब," आनंदराव म्हणाले.

साठ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आनंदराव थांबून राहिले.

संध्याकाळी डार्करूमच्या लाल उजेडात कोऱ्या कागदावर आधी चष्म्याची कड उमटली, मग डोळे. फोटो धुऊन दोरीला लावल्यावर आनंदरावांनी ओले हात सदऱ्याला पुसले आणि तिथे कोणी नसताना फोटोतल्या साठ्यांना हळूच जयभीम म्हटलं.